हँडिकॅप शर्यत आणि जॅकपॉटची पैज

घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावणाऱ्याला खरोखर काही कळते, की तो सर्वस्वी दैवाच्या हवाली असतो, हा प्रश्न जुना आहे. न्यायालयांना तो निकालात काढावा लागला. गणितज्ञांनी तो आपल्या परिभाषेत मांडून पाहिला. लोकव्यवहारात त्याचे उत्तर बहुधा पैज लावणाऱ्याच्या स्वभावात शोधले जाते. वस्तुतः ते शर्यतीच्या रचनेत शोधावयास हवे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर हिवाळ्यात आणि पुण्याच्या मैदानावर पावसाळ्यात ज्या शर्यती होतात, त्यांतील बहुसंख्य 'हँडिकॅप' पद्धतीच्या असतात. आणि हँडिकॅप म्हणजे घोड्यांविषयीची पूर्वमाहिती निरुपयोगी करून टाकण्याचा पद्धतशीर प्रयत्न होय. हा प्रयत्न कोठवर सफल होतो, आणि जेथे तो अपुरा पडतो तेथे पैज लावणाऱ्याच्या हाती काय उरते, याचे विवेचन येथे केले आहे.

१. संज्ञेचा उगम

'हँडिकॅप' हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत जन्मलेला नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ प्रचलित होता. सॅम्युअल पीप्स ह्याच्या रोजनिशीत १६६० साली त्याचा उल्लेख सापडतो. दोन माणसे आपापल्या वस्तूंची अदलाबदल करू पाहत. त्यांतील हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यावी म्हणजे व्यवहार समतोल होईल, हे तिसरा माणूस पंच म्हणून ठरवी. तिघेही थोडे पैसे एका टोपीत टाकीत. मग दोन्ही मालक टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढीत, आणि हातात पैसे आहेत की हात रिकामा आहे यावरून त्यांची संमती वा असंमती कळे. दोघांचे मत एकच पडले, मग ते होकाराचे असो वा नकाराचे, तर टोपीतील पैसे पंचाला मिळत. मते भिन्न पडली तर संमती देणाऱ्याला ते मिळत. 'टोपीतील हात' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दबंधापासून ही संज्ञा सिद्ध झाली. हातात टोपी धरून भीक मागणाऱ्यांशी तिचा संबंध जोडणारी व्युत्पत्ती लोककल्पित आहे. तिला आधार नाही.

ह्या खेळातील पंचाची भूमिका लक्षणीय आहे. दोन्ही पक्षांना व्यवहार सारखाच ग्राह्य किंवा सारखाच अग्राह्य वाटावा, अशी किंमत ठरविण्यातच त्याचा लाभ होता. अठराव्या शतकात हीच कल्पना दोन घोड्यांच्या शर्यतीस लावण्यात आली : अधिक चांगल्या घोड्याने किती जादा वजन वाहावे हे पंच ठरवू लागला. पुढे एकाच शर्यतीत अनेक घोड्यांना ही पद्धत लागू झाली. १७९१ साली अ‍ॅस्कट येथे झालेली ओटलंड्स ही ह्या प्रकारच्या आरंभीच्या मोठ्या शर्यतींपैकी एक होय. शारीरिक व्यंग हा ह्या शब्दाचा अर्थ त्या मानाने अलीकडचा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. मूळ वापरात ज्याच्यावर हा भार पडे तो सर्वांत समर्थ घोडा असे. पुढे तोच शब्द असमर्थतेचा वाचक झाला. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण बोधप्रद आहे.

२. वजन हे एक विधान

हँडिकॅपला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अ‍ॅडमिरल हेन्री जॉन राउस ह्यांस दिले जाते. १८५५ साली ते इंग्लंडच्या जॉकी क्लबचे हँडिकॅपर झाले. घोड्याचे वय, वर्षातील महिना आणि शर्यतीचे अंतर यांनुसार कोणत्या वयाच्या घोड्याला किती सूट असावी, याचे त्यांनी कोष्टक बसविले. सुधारलेल्या रूपात ती कल्पना आजही प्रचारात आहे.

भारतात हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून एक रेटिंग देतो. रेटिंगनुसार घोड्यांचे वर्ग पडतात. मुंबई-पुण्याच्या पद्धतीत तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ आणि चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे धावतात. म्हणजे लगतचे वर्ग कडेला एकमेकांत थोडे मिसळलेले असतात. रेटिंगमधील एका गुणाचा फरक अर्ध्या किलोबरोबर धरला जातो. समजा, ६६ रेटिंगच्या घोड्याने ६२ किलो वाहावयाचे आहेत. तर त्याच शर्यतीतील ४० रेटिंगच्या घोड्याच्या वाट्यास ४९ किलो येतात. जॉकीचे स्वतःचे वजन कमी पडल्यास खोगिराबरोबर शिसे देऊन ते पुरे केले जाते, आणि शर्यतीपूर्वी व शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासह तोलले जाते. शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे रेटिंग वाढते. वारंवार मागे पडणाऱ्याचे उतरते. सर्वच शर्यती अशा नसतात. १९४३ पासून मुंबईत होत असलेली इंडियन डर्बी श्रेष्ठत्व ठरविण्यासाठी असते, आणि तीत पूर्वीच्या कामगिरीनुसार वजनात फरक केला जात नाही.

वजन आणि अंतर यांची सांगड घालणारे काही ढोबळ आडाखे रूढ आहेत. सुमारे एक मैलाच्या शर्यतीत घोड्याच्या एका लांबीचा फरक साधारणतः दोन पौंडांबरोबर, म्हणजे किलोला थोड्या कमी भाराबरोबर, मानतात. अंतर कमी असेल तर एका लांबीस अधिक भार लागतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कमी भार पुरतो. घोडा मागील शर्यत तीन लांबींनी जिंकला असेल, तर पुढील वेळी सुमारे तीन किलोंनी ते अंतर पुसले जावे, अशी ह्यामागील धारणा आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास घोड्याला दिलेले वजन हे एक विधान होय. घोड्याच्या मागील सर्व शर्यतींचा सारांश त्या एका अंकात सांगितलेला असतो. एका शर्यतीतील सर्व वजने मिळून जे विधान होते ते असे : 'ह्या भारांसह धावल्यास हे सर्व घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावेत.' दहा घोडे असतील तर प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता एक-दशांश, हा त्या विधानाचा गणिती अनुवाद. क्लॉड शॅनन ह्यांनी १९४८ साली मांडलेल्या मापाने अशा शर्यतीची अनिश्चितता सुमारे ३.३ बिट भरते, आणि दहा पर्यायांसाठी याहून अधिक अनिश्चितता संभवत नाही. त्याउलट एका घोड्याची शक्यता निम्मी असेल व उरलेली निम्मी शक्यता इतर नऊ घोड्यांत सारखी वाटली गेली असेल, तर तीच अनिश्चितता सुमारे २.६ बिटांवर येते. ही अनिश्चितता कमाल मर्यादेपर्यंत नेऊन ठेवणे, हेच हँडिकॅपरचे काम.

३. विधानात न मावणारी माहिती

हँडिकॅपर आपल्या कामात पूर्णतः यशस्वी झाला, तर जाणकार आणि अडाणी यांच्या पैजेत काहीच भेद राहणार नाही. प्रत्यक्षात फेव्हरिट म्हणून गणले गेलेले घोडे ह्या समान वाट्याहून पुष्कळच अधिक वेळा जिंकतात. त्याचे कारण हँडिकॅपरच्या अकार्यक्षमतेत शोधण्याची गरज नाही. रेटिंग स्वभावतःच भूतकाळाविषयी बोलते, आणि एका अंकात सर्व गोष्टी मावत नाहीत.

तीन वर्षांचा घोडा हंगामात झपाट्याने सुधारतो. त्याचे रेटिंग मात्र झालेल्या शर्यतींवर आधारलेले असते, म्हणून ते त्याच्या मागे राहते. बाराशे मीटरवर अखेरच्या टप्प्यात जोर धरणारा घोडा प्रथमच सोळाशे मीटर धावणार असेल, तर त्याच्या जुन्या अंकास नवा संदर्भ प्राप्त होतो. पुण्याच्या पावसाळी, मऊ मैदानावर मिळालेले रेटिंग महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानावर तसेच लागू पडेल असे नाही. मागील शर्यतीत घोड्याची वाट अडली असेल, तो बाहेरच्या बाजूने लांबून वळला असेल, किंवा आरंभीची गती त्याला प्रतिकूल पडली असेल, तर निकालातील अंतर त्याच्या शक्तीचे यथार्थ माप ठरत नाही. पहाटेच्या सरावाच्या वेळा वृत्तपत्रांत छापून येतात. त्यांतही नवी माहिती असू शकते. काही वेळा घोडा पूर्ण जोराने न धाववून त्याचे रेटिंग उतरविण्याचा प्रयत्न होतो. हा नियमभंग होय, आणि स्ट्युअर्ड त्यावर नजर ठेवतात. परंतु नियम करावा लागला यावरूनच, उतरलेल्या अंकाचे मोल सर्वांस ठाऊक आहे हे दिसते.

पैज लावणाऱ्याचा अभ्यास येथे सुरू होतो. कोणता घोडा उत्तम, हे हँडिकॅपरने आधीच सांगितलेले असते, आणि त्याची किंमत वजनात वसूलही केलेली असते. अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा असतो : कोणत्या घोड्याविषयी हे विधान चुकीचे आहे, आणि कोणत्या कारणाने?

४. टोट आणि लोकमताचा भाव

एवढ्याने भागत नाही, कारण घोड्याचे यश आणि पैजेचे यश ह्या दोन गोष्टी आहेत. टोटच्या पद्धतीत सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यांतून ठराविक वजावट होते, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. फ्रान्समध्ये जोसेफ ओलेर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत सुरू केली. तिचा हिशेब करणारे जॉर्ज ज्यूलियस ह्यांचे यंत्र १९१३ साली न्यूझीलंडमधील एलर्स्ली मैदानावर बसले. मुळात ते निवडणुकीतील मते मोजण्यासाठी योजलेले होते. ही हकीकत सूचक आहे, कारण टोटचा फलक हा एका अर्थाने मतदानाचाच निकाल असतो. हँडिकॅपरने सर्व घोडे समान केल्यावर ते समान का नाहीत, याविषयी लोकांनी पैशाच्या रूपाने दिलेले मत त्यावर दिसते.

हे मत बरेच विश्वसनीय असते, परंतु निर्दोष नसते. १९४९ साली ग्रिफिथ ह्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील शर्यतींच्या आकड्यांवरून दाखविले की लोक दुर्बल घोड्यांना त्यांच्या योग्यतेपेक्षा जास्त, आणि फेव्हरिटना कमी महत्त्व देतात. हाँगकाँगच्या शर्यतींत मात्र पुढील संशोधकांना ही प्रवृत्ती तशी आढळली नाही. म्हणजे लोकमताचे दोषही स्थलपरत्वे बदलतात. हाँगकाँगमध्येच संगणकाच्या साहाय्याने पैजा लावणाऱ्या विल्यम बेंटर ह्यांनी १९९४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील महत्त्वाचा भाग असा की, घोड्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज त्यांनी टोटच्या भावाशी जोडून घेतला. नोंदींत नसलेले काही तरी लोकांस ठाऊक असते, हे त्यांनी गृहीत धरले, आणि अनुभवाने ते खरे ठरले.

म्हणून घोड्याची शक्यता आणि लोकांनी त्याला दिलेली शक्यता यांचे गुणोत्तर ही खरी महत्त्वाची राशी होय. हे गुणोत्तर १ असेल, तर घोडा कितीही चांगला असो, दीर्घकाळात वजावटीइतके नुकसान ठरलेलेच आहे. एका शर्यतीच्या पैजेत २० टक्के वजावट धरली, तर केवळ बरोबरीत सुटण्यासाठी हे गुणोत्तर १.२५ असावे लागते. एवढी तफावत क्वचितच सापडते.

५. जॅकपॉटचे गणित

मुंबई-पुण्यात ट्रेबल म्हणजे तीन, आणि जॅकपॉट म्हणजे पाच शर्यतींतील विजेते एकाच तिकिटावर सांगण्याची पैज. जॅकपॉटच्या वाटपात ७० टक्के भाग पाचही विजेते सांगणाऱ्यांस, आणि ३० टक्के भाग चार विजेते सांगणाऱ्यांस देण्याची प्रथा आहे. पुढील हिशेबात सोपेपणासाठी हा दुसरा भाग बाजूला ठेवला आहे.

प्रत्येक शर्यतीत दहा घोडे असतील तर पाच शर्यतींच्या १,००,००० जोडण्या होतात. ह्या प्रचंड आकड्यामुळे जॅकपॉट म्हणजे निव्वळ सोडत असे वाटते. परंतु त्याच्या रचनेत एक सूक्ष्म गुण आहे. एका शर्यतीतील सर्व रक्कम पुढील शर्यतीवर लावीत कोणी पाच शर्यती खेळला, तर वजावट पाच वेळा होते. दर वेळी २० टक्के धरल्यास रुपयातील सुमारे ३३ पैसेच शिल्लक राहतात. जॅकपॉटमध्ये वजावट एकदाच होते. ती ३० टक्के असली तरी रुपयातील ७० पैसे वाटपासाठी उरतात.

दुसरी गोष्ट अशी की, गुणोत्तरांचा येथे गुणाकार होतो. जॅकपॉटमधील लोकमत प्रत्येक शर्यतीतील लोकमताच्या गुणाकाराएवढे असते असे मानले, तर दर शर्यतीत १.१ एवढे माफक गुणोत्तर साधणाऱ्याला पाच शर्यतींत १.६१ चा लाभ होतो, आणि ३० टक्के वजावटीनंतरही रुपयामागे सुमारे १ रुपया १३ पैसे ही अपेक्षित प्राप्ती राहते. हाच माणूस एकेका शर्यतीवर खेळला असता तर त्याला रुपयामागे ८८ पैसेच मिळाले असते. परंतु हा गुणाकार उलट दिशेनेही चालतो. ज्याचे गुणोत्तर ०.९ आहे, त्याच्या रुपयाचे जॅकपॉटमध्ये ४१ पैसे होतात. थोडेसे ज्ञान आणि थोडासा गैरसमज, दोहोंनाही जॅकपॉट सारखाच फुगवितो.

ह्यावरून तिकीट कसे भरावे याचे तत्त्व निघते. पहिल्या शर्यतीत एक, दुसरीत तीन, तिसरीत दोन, चौथीत एक आणि पाचवीत दोन घोडे घेतले, तर १ × ३ × २ × १ × २ म्हणजे १२ जोडण्यांचे पैसे भरावे लागतात. सामान्य खेळणारा जेथे त्याला काहीच कळत नाही तेथे घोडे वाढवितो, आणि जेथे सर्वमान्य फेव्हरिट आहे तेथे एकावर थांबतो. ही रीत सोयीची असली तरी तिच्यात ज्ञानाचा अंश थोडाच आहे. काहीच न कळणाऱ्या शर्यतीत वाढविलेला प्रत्येक घोडा खर्च वाढवितो. गुणोत्तर वाढवीत नाही. पाचही शर्यतींत फेव्हरिट घेणाऱ्याचे तिकीट लागले तरी त्याच्या वाटणीला असंख्य भागीदार असतात. लोकांनी ज्याची शक्यता कमी लेखली आहे असा घोडा ज्या शर्यतीत सकारण दाखविता येतो, त्या शर्यतीवर तिकिटाचा भार असावा. जेथे लोकमताशी मतभेद नाही, तेथे कमीत कमी खर्चात पुढे जावे. आणि असा मतभेद एकाही शर्यतीत नसेल तर त्या दिवशी तिकीट घेऊ नये.

६. रक्कम किती लावावी

ज्ञान खरे असले तरी ते फळास येईपर्यंत भांडवल टिकले पाहिजे. वरील तिकिटात निवडलेल्या घोड्यांची एकत्रित शक्यता अनुक्रमे ४०, ६०, ५०, ४५ व ५० टक्के मानली, तर पाचही शर्यती साधण्याची शक्यता २.७ टक्के, म्हणजे सुमारे ३७ वेळांत एकदा येते. असे शंभर जॅकपॉट खेळूनही एकदाही न लागण्याची शक्यता साडेसहा टक्के उरते. कित्येक हंगाम हाती काहीच न येणे हे येथे दुर्दैव नव्हे. तो हिशेबाचाच भाग होय.

बेल प्रयोगशाळेतील जॉन केली ह्यांनी १९५६ साली ह्या प्रश्नाचा संबंध माहितीशास्त्राशी जोडला. शर्यतीचा निकाल अस्पष्ट रीतीने आगाऊ कळविणारी एक खासगी तार एखाद्याजवळ आहे अशी त्यांनी कल्पना केली, आणि भाव न्याय्य असतील तर त्याच्या भांडवलवाढीचा कमाल वेग त्या तारेतून मिळणाऱ्या माहितीच्या मापाएवढाच असतो, असे सिद्ध केले. तारेतून माहिती शून्य तर वाढही शून्य. त्यांच्या सूत्रानुसार लावावयाची रक्कम म्हणजे अपेक्षित नफा भागिले जिंकल्यास मिळणारा नफा. वरील तिकिटाला रुपयामागे १३ पैशांचा अपेक्षित नफा आहे आणि सर्व जोडण्यांना सारखाच परतावा मिळतो असे धरले, तर हे प्रमाण भांडवलाच्या सुमारे ०.३२ टक्के येते. म्हणजे दहा हजार रुपये बाळगणाऱ्याने, लोकांहून अधिक जाणकार असतानाही, संपूर्ण तिकिटावर सुमारे ३२ रुपयांहून अधिक लावू नयेत. जो अधिक जाणकार नाही त्याच्यासाठी सूत्राचे उत्तर शून्य आहे.

७. कौशल्य आणि कायदा

कौशल्य की दैव, ह्या भेदाला भारतीय कायद्यात मोठे महत्त्व आहे. १९५७ साली चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढे शब्दकोड्यांसारख्या बक्षीस-स्पर्धांचा प्रश्न होता. ज्या स्पर्धेत यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते ती जुगारात मोडत नाही, हा निकष तेथे स्पष्ट झाला. १२ जानेवारी १९९६ रोजी डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य ह्या खटल्यात तोच निकष घोड्यांच्या शर्यतीस लावून ती प्रामुख्याने कौशल्याची ठरविण्यात आली. घोड्याचा वंश, त्याची कामगिरी, वजन, जॉकी इत्यादींचा अभ्यास करता येतो, हे त्यामागील कारण.

गणिताची साक्ष ह्या निर्णयास पोषक आहे. मात्र तिच्यासोबत एक मर्यादाही येते. अभ्यासाने गुणोत्तर सुधारते हे खरे. पण ते किती सुधारावे लागेल, हे वजावट ठरविते. जॅकपॉटमधून ३० टक्के रक्कम गेली तर दर शर्यतीत लोकांहून ७.४ टक्के सरस असणे बरोबरीसाठी पुरते; ४० टक्के गेली तर १०.८, आणि निम्मी गेली तर १४.९ टक्के सरस असावे लागते. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजांवर २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कायद्याने जी गोष्ट कौशल्याची म्हणून मान्य केली, तिच्यातील कौशल्याला फळ धरण्यास वाव किती, हे अशा रीतीने करही ठरवीत असतो.

हँडिकॅपर आपल्या वजनांनी घोड्यांतील भेद पुसतो, लोकमत टोटच्या भावात उरलेला भेद नोंदविते, आणि वजावट त्यावर आपला हिस्सा घेते. ह्या तिन्हींनंतर जे शिल्लक राहते तेवढेच पैज लावणाऱ्याचे ज्ञान. म्हणून तिकिटाच्या खिडकीपाशी जाण्यापूर्वी त्याने एकाच प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाहावे : ह्या घोड्याविषयी असे काय ठाऊक आहे, की जे त्याच्या वजनात किंवा त्याच्या भावात आधीच आलेले नाही? उत्तर एका वाक्यात लिहिता आले नाही, तर खिडकीकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.